परसदारची भाजी

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



दिवाळी झाली. सुगीची घाई थोडी उतरली. पहाटे घोंगडी अंगावरून काढवत नाही. अशा थंडीत तुम्ही रात्रीच्या वर्गाला इतके जण आलात, याचा आम्हांला आनंद वाटतो. आज अक्षरांचा धडा नाही. आज भाजीचा धडा आहे. पण हा धडाही शेवटी अक्षरांपाशीच येऊन पोचणार आहे, बरं का!

आधी एक हिशेब करू. आपला बाजार आठवड्यातून एकदा भरतो. त्या दिवशी आपण भाजी आणतो. मेथीची जुडी पहिल्या दिवशी हिरवीगार असते. दुसऱ्या दिवशी मान टाकते. तिसऱ्या दिवशी पिवळी पडते. मग पुढचे चार दिवस ताटात काय? भाकरी आणि ठेचा. नाहीतर पिठले. पोट भरते खरे. पण भरलेल्या पोटाचे पोरही अशक्त असू शकते.

हिरव्या पाल्यात, गाजरात, शेवग्याच्या पानात डोळ्यांना लागणारे सत्त्व असते. त्याला 'अ' जीवनसत्त्व म्हणतात. ते फार कमी पडले, की पोराला तिन्हीसांजेला नीट दिसत नाही. ते चालताना ठेचकाळते. आपण म्हणतो, 'पोर वेंधळं आहे.' पोर वेंधळे नसते. त्याला रातांधळेपण आलेले असते. अशा पोराला लगेच दवाखान्यात न्यावे. पण ती पाळीच येऊ नये म्हणून रोजच्या जेवणात थोडा तरी हिरवा पाला हवा. पालेभाजीत लोहही असते. वर लिंबू पिळले, तर ते लोह अंगी जास्त लागते.

हा पाला आठवड्याच्या बाजारातून रोज मिळत नाही. तो दाराशीच हवा.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "समदं खरं, पण जागा कुठं हाय?"

जागा फार लागत नाही. एक बाज टाकता येईल एवढी जागा काढा. तेवढ्यात मेथीचा एक वाफा होतो. शेजारी आणखी दोन वाफे निघाले, तर वांगी, टोमॅटो आणि मिरचीही होते. ज्यांना तेवढीही जागा नाही, त्यांनी फुटके घमेले, जुना डबा किंवा सिमेंटची रिकामी गोणी घ्यावी. गोणी झटकून स्वच्छ धुवावी. तळाला भोके पाडावीत. त्यात माती आणि खत भरावे. मात्र जागेवर सकाळचे ऊन पडले पाहिजे. सावलीत भाजी नुसती उंच वाढते, धरत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मोरीचे पाणी रोज दारात वाहते. तिथे चिखल होतो, डास होतात. तेच पाणी चर काढून केळीला, अळवाला, शेवग्याला द्या. पण एक सांभाळा. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी कोवळ्या रोपांना घालू नका. कोथिंबीर आणि मुळा आपण कच्चा खातो. त्यांनाही मोरीचे पाणी नको. या वाफ्यांना स्वच्छ पाणी द्या. थंडीत ऊन कमी असते, म्हणून पाणीही कमी लागते. दोन-तीन लहान वाफ्यांचे काम रोज बादली-दोन बादल्यांत भागते.

तिसरी अडचण कोंबड्या-शेळ्यांची. त्याला बाभळीच्या नाहीतर बोरीच्या फांद्यांचे कुंपण करा. त्याला पैसा लागत नाही.

आता मुख्य कामाकडे वळू.

भाज्यांच्या दोन जाती समजा. एक जात जिथे पेरावी तिथेच वाढते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा आणि गाजर ही त्या जातीची. यांची रोपे करत बसू नका. सरळ वाफ्यात पेरा. धने पेरण्याआधी हाताने रगडून त्याच्या दोन डाळी करा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात काढायला होते. मुळ्याला दीड महिना लागतो. गाजराला तीन महिने लागतात. संक्रांतीच्या भोगीच्या भाजीत घरचे गाजर हवे, तर दसऱ्यालाच पेरायला हवे. यंदा ते राहिले असेल, तर पुढच्या वर्षी ध्यानात ठेवा.

मेथी सगळा वाफा एकदम पेरू नका. वाफ्याचे तीन भाग करा. आज एक भाग पेरा. दहा दिवसांनी दुसरा, आणखी दहा दिवसांनी तिसरा. म्हणजे एक भाग संपेपर्यंत दुसरा तयार होतो. घरात भाजी खंडत नाही.

दुसरी जात रोपांची. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी आणि कांदा ही त्या जातीची. यांचे बी आधी एका लहान जागी पेरतात. रोप हाताएवढे झाले, की उचलून दुसरीकडे लावतात. लेक माहेरी वाढते आणि सासरी नांदते, तसेच हे. माहेरी जिची आबाळ होत नाही, ती सासरी तग धरते.

रोपांचे माहेर म्हणजे गादीवाफा. तो असा करावा. माती वीतभर खोल खणून भुसभुशीत करावी. ढेकळे फोडावीत. खडे वेचावेत. त्यात चांगले कुजलेले शेणखत चाळून मिसळावे. ओले शेण घालू नये. ओल्या शेणाने हुमणी आणि वाळवी येते. मग माती ओढून आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच गादी करावी. उंच कशासाठी? जादा पाणी निघून जावे म्हणून.

गादीवर काडीने रेघा ओढा. दोन रेघांत चार-पाच बोटे अंतर ठेवा. रेघ नखभर खोल असावी. त्यात बी विरळ पेरा. इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो. "पडू दे चिमूटभर जास्त," असे आपण म्हणतो. पण टोमॅटोचे एक ग्रॅम बी म्हणजे सुमारे ३०० दाणे. पाच माणसांच्या घराला टोमॅटोची दहा-पंधरा झाडे, वांग्याची दहा आणि मिरचीची सात-आठ पुरे होतात. मग चिमूटभर बी तरी कशाला हवे? थोडी रोपे मरतील असे धरून दुप्पट दाणे टाका. त्याहून जास्त नको.

बी पेरल्यावर वर चाळलेल्या खताचा पातळ थर द्या. झारीने पाणी शिंपडा. झारी नसेल, तर डब्याला बारीक भोके पाडा. वर गवताचे आच्छादन घाला. भोवती राख टाका, म्हणजे मुंग्या बी नेणार नाहीत. कोंब दिसू लागले, की गवत त्याच दिवशी काढा. ते तसेच राहिले, तर रोपे पांढुरकी आणि लांबट होतात.

आता थंडीची गोष्ट. कोबीला आणि कांद्याला थंडी मानवते. टोमॅटो, वांगी आणि मिरचीला मात्र उगवताना ऊब लागते. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे पारा कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत मिरचीचे बी जमिनीत रुसून बसते. लोक म्हणतात, "बी खोटं निघालं." बी खोटे नसते, त्याला गारठा बाधलेला असतो.

यावर उपाय घरातच आहे. मटकीला मोड आणता ना? तसेच करा. मिरचीचे बी ओल्या फडक्यात बांधा. चुलीजवळ कोमट जागी ठेवा. फार जवळ नको, भाजून निघेल. फडके वाळू देऊ नका. बी फुगून कोंबाचे टोक दिसू लागले, की हलक्या हाताने पेरा. रात्री वाफ्यावर कमानी वाकवून गोणपाट टाका. सकाळी ऊन आले, की काढा. रोपांना पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिले, तर रात्रभर मुळाशी गारवा आणि ओल राहते.

त्या ओलीतूनच एक रोग येतो. काल उभी असलेली रोपे आज जमिनीलगत कुजून आडवी पडतात. याला रोपांची मर म्हणतात. कोणाची दृष्ट लागून हे होत नाही. दाट पेरणी, जास्त पाणी आणि कच्चे खत ही त्याची तीन कारणे आहेत. आडवी पडलेली रोपे उपटून दूर टाका. पाणी कमी करा. बाकीच्या रोपांना ऊनवारा लागू द्या.

टोमॅटो आणि कोबीची रोपे चार-पाच आठवड्यांत लागणीला येतात. वांग्याला पाच आठवडे धरा. मिरचीला सहा ते सात, कांद्याला सात ते आठ. लागणीआधी चार-पाच दिवस पाणी थोडे तोडा. रोप काटक होते. उपटण्याच्या आधी मात्र वाफा भिजवा, म्हणजे मुळे तुटणार नाहीत. लागण ऊन उतरल्यावर करा. टोमॅटो आणि वांगी दोन-दोन फुटांवर लावा. मिरची दीड फुटावर, कांदा चार बोटांवर. आज पेरलेला टोमॅटो महाशिवरात्रीच्या सुमारास ताटात येईल. तोवर मेथी-पालक घर सांभाळतील.

पानांवर मावा दिसला, तर निंबोळीचा अर्क फवारा. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा. त्यात साबणाचे थोडे पाणी घाला आणि पानांच्या खालूनही फवारा. भाजी खाण्याआधी चांगली धुवा.

आता बियांचे पाहू. पूर्वी बी घरोघर असे. दुधीच्या वाळलेल्या भोपळ्यात राख घालून बी ठेवत. काकडीचे बी शेणात थापून भिंतीला लावत. आता आपण दर साली पाकीट आणतो. पाकीट आणण्यात वाईट काही नाही. पण एक जाणून घ्या. पाकिटावर 'संकरित' असे लिहिले असेल, तर त्या झाडाचे बी पुढच्या साली तसेच पीक देत नाही. गावरान वाणाचे बी मात्र घरी राखता येते.

ते कसे राखावे? सर्वांत निरोगी झाड निवडा. त्याच्या एका चांगल्या फळाला चिंधी बांधा. घरात सगळ्यांना सांगा, "चिंधीवालं फळ तोडायचं न्हाई." वांगे पिवळे पडेपर्यंत झाडावर राहू द्या. टोमॅटो पूर्ण पिकू द्या. टोमॅटोचा गर एक-दोन दिवस भांड्यात आंबवा. मग बी धुवा आणि सावलीत वाळवा. राखेत मिसळून बाटलीत भरा. बूच घट्ट लावा. कांद्याचे बी एका वर्षातच निकामी होऊ लागते. वांग्या-टोमॅटोचे बी कोरडे राहिले, तर तीन-चार वर्षे टिकते.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावरान बी गोळा केले, जपले आणि इतर बायांना दिले. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी राखणे हे केवढे मोठे काम आहे, ते यावरून कळते.

आणि आता आपण अक्षरांपाशी आलो. बियांच्या पाच बाटल्या फळीवर ठेवल्या. वर्षाने कोणती कशाची, ते कोण सांगणार? वांग्याचे बी आणि मिरचीचे बी दिसायला सारखेच. टोमॅटोचेही जवळजवळ तसेच. घरातली म्हातारी ओळखत असे. ती गेली, की ओळखही गेली. म्हणून प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावा. तिच्यावर तीन गोष्टी लिहा. भाजीचे नाव, कोणाकडून आले ते आणि साल. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. वाफ्यातही काडीला चिठ्ठी बांधा. पेरल्याची तारीख लिहा. मग लागण कधी करायची, ते कोणाला विचारावे लागणार नाही.

दुकानातले पाकीटही वाचून घ्या. वाण कोणता, तपासणी कधीची, मुदत कधीपर्यंत, शंभरात किती दाणे उगवतील, हे सारे त्यावर लिहिलेले असते. मुदत संपलेले पाकीट परत करा. दुकानदाराकडून पावती घ्या. काही बियांना औषध चोळलेले असते. ते रंगीत दिसते आणि ते विषारी असते. ते पोरांच्या हाती देऊ नका. पेरल्यावर साबणाने हात धुवा.

जुन्या बियांची शंका आली, तर दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवा. सात उगवले तर बी चांगले. चारच उगवले, तर दुप्पट पेरा. एकही नाही उगवला, तर वाफा अडवू नका.

मंडळी, बोलणे फार झाले. उद्या सकाळी एकच काम करा. परसात बाजेएवढी जागा आखा आणि खणायला लागा. पुढच्या वर्गाला येताना घरातले काही गावरान बी असेल, तर चिमूटभर घेऊन या. पुडीवर नाव लिहून आणा. इथे आपण त्याची अदलाबदल करू.

ध्यानात ठेवा :
१. मेथी, पालक, मुळा, गाजर जागेवरच पेरा.
२. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, कांदा यांची रोपे करा.
३. बी विरळ पेरा. पाणी सकाळी द्या.
४. थंडीच्या रात्री वाफा झाका, सकाळी उघडा.
५. चांगल्या फळाला चिंधी बांधा. त्याचे बी राखा.
६. बाटलीवर नाव आणि साल लिहा.