घरचा अभ्यासक्रम

मुलांना शाळेंत न घालतां घरींच शिकवावें असें एखाद्या कुटुंबानें ठरविलें, म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो पाठ्यपुस्तकांचा. मूल एकच असेल तर तो सुटावयास वेळ लागत नाहीं. परंतु नऊ, सात आणि चार वर्षांचीं तीन भावंडें घरांत असलीं, कीं आई बहुधा एका बाजूस चौथीचीं पुस्तकें, दुसऱ्या बाजूस दुसरीचीं आणि धाकट्यासाठीं चित्रांची अंकलिपि मांडून बसते. शाळा तसेंच करते, मग घरानें कां करूं नये? पण शाळेंत प्रत्येक इयत्तेस निराळा शिक्षक असतो. घरांत तिघांना मिळून शिकविणारें माणूस एकच, मग ती आई असो वा, हल्लीं पुष्कळदां दिसतें तसे, वडील असोत. आणि शेगडीवर दूधहि उतूं जात असतें. थोरल्या दोघांचे पांच पांच विषय धरले तरी दिवसाचे दहा पाठ झाले. महिन्याभरांत अर्धीं पुस्तकें कोरीं राहतात आणि दोष मात्र मुलांच्या आळसावर जातो.

ही अडचण इंग्लंडांत शार्लट मेसन (१८४२–१९२३) या बाईंनीं फार पूर्वीं ओळखली होती. १८९१ सालीं त्यांनीं घरीं शिकणाऱ्या मुलांसाठीं टपालानें अभ्यासक्रम पाठविण्याची व्यवस्था सुरू केली. प्रत्येक सत्रास कोणतीं पुस्तकें वाचावयाचीं तें छापून येई, आणि सत्राच्या अखेरीस परीक्षेचे प्रश्नहि येत. हिंदुस्थानांत राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांनींहि या योजनेचा आधार घेतला होता. जवळजवळच्या वयांचीं भावंडें तींत एकाच वर्गांत मोडत व एकच पुस्तक ऐकत. लहानांचे पाठ अगदीं आंखूड ठेवीत. पुस्तक एकदांच वाचावयाचें आणि मग मुलानें तें आपल्या शब्दांत सांगावयाचें, ही बाईंची मुख्य रीत.

या रीतींत तिन्ही वयांचा मेळ सहज बसतो. १६६५ सालीं पुरंदरावर मुरारबाजी लढला, ती हकीकत एकदां वाचून दाखविली, तर नऊ वर्षांचा मुलगा ती पानभर लिहून काढील, सात वर्षांची मुलगी तोंडी सांगेल, आणि धाकटा गडाचें चित्र काढील. त्यांत बुरुजापेक्षां घोडा मोठा निघाला तरी हरकत नाहीं. बागेंतला भारद्वाज, पावसाळ्यांतले गांडूळ, गाणें, गोष्टी, हेंहि सर्वांचें सामाईक.

वाचन, लेखन व गणित मात्र सामाईक करतां येत नाहीं, आणि येथेंच पुष्कळ घरें चुकतात. हातच्याची वजाबाकी जिला अजून उमगली नाहीं, तिला दादाच्या शेजारीं भागाकारास बसविलें, तर दादा आधीं उत्तर देतो. चार दिवसांनीं ती तोंड उघडावयाचेंच सोडते. ही हानि पुढें भरून काढणें फार कठीण. म्हणून या विषयांपुरतें प्रत्येकाचें पुस्तक वेगळें आणि आईचीं वीस मिनिटेंहि वेगळीं असावींत. इयत्तेच्या आंकड्यास भुलूं नये. तोच मुलगा वाचनांत चौथीचा व गणितांत तिसरीचा असूं शकतो. बालभारतीचीं पुस्तकें संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळतात. तीं आधीं मुलापुढें उघडावींत, मग खर्च करावा. परदेशी संच दिसतात देखणे, पण त्यांतलीं नाणीं, ऋतु आणि पक्षी इकडचे नसतात.

यावर आजीचा प्रश्न उरतोच: मुलांच्या हातीं दाखला कोणता येणार? तो रास्त आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा विचार शाळा धरूनच केला आहे. घरच्या शिक्षणासाठीं निराळी तरतूद त्यांत नाहीं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मूलभूत शिक्षणाची योजना तिसरी, पांचवी व आठवी यांच्या तोडीची आहे, आणि वयाचीं चौदा वर्षें पुरीं झाल्यावर तेथें दहावीसाठीं नांव घालतां येतें. थोरल्याचीं पुस्तकें निवडतांना हे टप्पे नजरेसमोर ठेवणें भाग आहे. धाकट्याला ती घाई नको. सहाव्या वर्षाआधीं नियमित पाठ नकोत, असेंच मेसनबाईंचें मत होतें. त्याला अंकलिपि हवीच असेल, तर ताईची जुनी, कोपरे दुमडलेली, घरांत असतेच.