अंगण आणि आकडा



पाचगणीस येणारा पाहुणा टेबललँडवर जाऊन वारा खातो, स्ट्रॉबेरी विकत घेतो आणि उतरता उतरता इथल्या शाळांच्या इमारती पाहून म्हणतो, ‘मुलांचे भाग्य असावे तर असे!’ त्यात खोटे काही नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ दूरदूरची मुले या गावी येऊन शिकत आली आहेत. परंतु ज्या बाईने सकाळी लवकर वाकून त्या पाहुण्याची स्ट्रॉबेरी खुडली, तिचे तीन वर्षांचे पोर त्या वेळी कोठे होते, हे विचारावयाचे राहून जाते. पुष्कळदा ते शेताच्या बांधावर, थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. आणि पोर कडेवर आहे म्हणून ती बहीणही शाळेत नसते. आजचे आमचे बोलणे या दोन मुलांविषयी आहे.

शिशुशिक्षणाचे चांगले प्रयोग आपल्याकडे झाले नाहीत, असे मुळीच नाही. प्रश्न निराळा आहे. एका ठिकाणी उत्तम साधलेले काम हजार ठिकाणी करावयास घेतले, म्हणजे त्याचे काय होते? पंगतीला पाने वाढली की आमटीत पाणी वाढते, हा घरोघरचा अनुभव आहे. शिक्षणात हे पाणी नेमके कोठे पडते, तेवढे आपण पाहू.

ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरास काम केले, पुढे मुंबईत दादरला शिशुविहार चालवला. कीर्ती झाली होती, शहरातील सुशिक्षित घरांची मुले येत होती. तरीही १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीसारख्या खेड्यात जाऊन बसल्या. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीस बालवाडी निघाली. पण वस्तीवरची गरिबांची मुले तिकडे फिरकेनात. आता एखाद्याने म्हटले असते, ‘या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही,’ आणि हात झटकले असते. ताराबाईंनी उलटे केले. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच मुलाच्या अंगणात जाऊ दे! शिक्षिका वस्तीवर जात, मुलांची नखे काढत, तोंडे धूत, केस विंचरत आणि तेथेच गाणी-गोष्टी सुरू करत. परदेशी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. अंगणवाडी ती हीच.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तेथे मुले गुरांमागे जात. तर शाळा कुरणात भरली, तिला नाव पडले कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी अडकत. तर शाळेजवळच पाळणाघर निघाले. श्रोतेहो, यांतील एकही गोष्ट दुसरीची नक्कल नाही. अंगण, कुरण, पाळणाघर ही रूपे तीन. नियम मात्र एकच. मुलाची अडचण काय ते आधी पाहावयाचे आणि मग शाळेचा आकार ठरवावयाचा.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सेवा प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्याचा आदेश दिला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. हा आकडा लहान नव्हे, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पोषक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरोदर मातांना सल्ला, हे सारे ज्या घरी दुसरे कोणीच नेत नव्हते तेथे ते याच केंद्रांनी नेले.

पण या डोंगरी मुलखातील एका अंगणवाडीत आम्ही एक सकाळ बसलो होतो, ती सांगतो. मदतनीस त्या दिवशी आली नव्हती. बाई चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगत होत्या. पाऊस आला, कावळ्याचे शेणाचे घर वाहून गेले, आणि गोष्ट चिमणीच्या दारापर्यंत पोचते न पोचते तोच फोन वाजला. कुठली तरी माहिती तातडीने हवी होती. मग वजनाची नोंद, मग खिचडी उतरवणे, मग एक गरोदर बाई दारात उभी. कावळा बिचारा पावसात भिजतच राहिला. एका मुलाने दोनदा विचारले, ‘‘बाई, मंग फुडं काय झालं?’’ तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही.

आमटीत पाणी पडते ते येथे. त्या बाई आळशी नव्हत्या. त्यांना हात दोनच होते. आपण केंद्रे वाढवली, कामे वाढवली, नोंदी वाढवल्या. माणसाचे मुलाकडे असलेले लक्ष मात्र तेवढेच राहिले आणि ते वाटून वाटून पातळ झाले. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी १९६२ साली सुरू झालेल्या एका बालशाळेचा जगभर दाखला देतात. तेथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक असे आणि दर आठवड्यास तो मुलाच्या घरी जात असे. दाखला सगळे देतात; त्या शिक्षकांची मोजदाद मात्र करीत नाहीत!

कोणी म्हणेल, १४ लाख केंद्रांना हे कसे परवडावे? तर आपल्याच देशातील उत्तर ऐका. गेल्या दशकात तामिळनाडूत ६४० अंगणवाड्या अभ्यासासाठी निवडल्या आणि त्यांतील निम्म्या ठिकाणी अर्ध्या दिवसाची एक जादा सेविका दिली. तिने फक्त मुलांना शिकवावयाचे. दीड वर्षाने पाहिले तो शिकवण्याचा वेळ दुपटीच्या घरात गेला होता आणि मुलांचे गणित व भाषा दोन्ही सुधारली होती. एवढेच नव्हे, पहिल्या सेविकेस आहार-आरोग्याकडे पाहावयास सवड मिळाल्याने, केंद्रात टिकून राहिलेल्या मुलांत खुरटलेल्यांचे प्रमाणही घटले. नवी इमारत नाही, परदेशी साधन नाही. आणखी दोन हात, एवढाच तो उपाय.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. अंगणवाडी वाढवावयाची तर आधी तीत शिकवणारे दुसरे माणूस द्या. त्यास ‘मानधन’ या गोड शब्दाखाली तुटपुंजे देऊन त्यागाची अपेक्षा करू नका. सेविकेस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगावयास सर्वोच्च न्यायालयास २०२२ साल उजाडावे लागले, यातच सर्व आले. देखरेख करणाऱ्याने वह्या तपासण्याआधी घटकाभर मुलांत बसावे. आणि केंद्राची वेळ व जागा गावाने ठरवावी. कोसबाडला कुरणात शाळा भरू शकली, तर आमच्याकडे हंगामात ती स्ट्रॉबेरीच्या बांधावर का भरू नये? खाली कृष्णाकाठी ऊसतोडीची टोळी उतरते, तिच्या कोप्यांपुढे का भरू नये?

हे सारे सरकारनेच करावे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या आळीतील अंगणवाडीत किती मुले आहेत, हे या सभेतील किती जणांस सांगता येईल? ग्रामसभेत आपण रस्ता मागतो, नळ मागतो. अंगणवाडीस दुसरी शिक्षिका हवी, असा ठराव मागितल्याचे आम्हांस तरी आठवत नाही. तो या उन्हाळ्यात मागावा.

उद्या सकाळी सभेतून घरी गेलेल्यांपैकी एकाने तरी जवळच्या अंगणवाडीत जाऊन बसावे. तेथे गोष्ट अर्ध्यावर राहिली असेल तर ती पुरी करून यावे, आणि उरलेल्या वर्षभर ती रोज पुरी कोण करणार, हे विचारून यावे. मूल तिसऱ्यांदा विचारीत नाही, हे मात्र विसरू नये.