सल्ला आणि पाठपुरावा

आज ऑस्ट्रेलियाबद्दल बोलायचं आहे. क्रिकेट बाजूला ठेवून.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या वसाहतींनी आपापल्या मर्जीने रेल्वे टाकली. व्हिक्टोरियात दोन रुळांमधलं अंतर १६०० मिलिमीटर, शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये १४३५, क्वीन्सलँडात १०६७. मेलबर्नहून सिडनीला जाणाऱ्याने सरहद्दीवरच्या ऑल्बरीला उतरायचं आणि बाडबिस्तरा घेऊन दुसऱ्या गाडीत चढायचं. मार्क ट्वेन १८९५ साली तिथून गेला आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. १९०१ साली वसाहतींचा एक देश झाला. प्रवाशांची ही उतरचढ मात्र १९६२ पर्यंत चालली!

रस्त्यांवरही तोच कारभार. ट्रकचं वजन किती, लांबी किती, ड्रायव्हरने सलग किती तास चालवायचं, हे ज्याचं त्याचं राज्य ठरवी. त्यावर उपाय म्हणून १९९१ मध्ये राष्ट्रीय रस्ते वाहतूक आयोग नेमला गेला. २००४ पासून त्याच्या जागी राष्ट्रीय वाहतूक आयोग आला आणि रेल्वेही त्याच्या कक्षेत आली.

हा आयोग कुणाला दंड करत नाही, कुणाची गाडी अडवत नाही. तो अभ्यास करतो, वाहतूकदारांचं आणि पोलिसांचं म्हणणं ऐकतो, कायद्याचा मसुदा केंद्र आणि राज्यांच्या वाहतूकमंत्र्यांपुढे ठेवतो. मान्यता त्यांनी द्यायची. मला यातली खर्चाची वाटणी फार मार्मिक वाटते : ३५ टक्के केंद्राचे, ६५ टक्के राज्यांचे. खिशातून पैसे गेले की माणूस सल्लाही जरा लक्ष देऊन ऐकतो.

अवजड वाहनांचा राष्ट्रीय कायदा फेब्रुवारी २०१४ मध्ये लागू झाला. अंमलबजावणीला वेगळं नियामक मंडळ आहे. पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांनी तो स्वीकारला नाही, त्यामुळे पर्थला जाणाऱ्या ट्रकला सरहद्दीपलीकडे आजही वेगळे नियम. सल्लागाराच्या हाती सक्ती नसते, ती ही अशी. पण पुढे मंत्र्यांनी त्या कायद्याची मुळापासून फेरतपासणी करायला सांगितली, तेव्हा ते काम करायला हाच आयोग जागेवर होता. जुनी कागदपत्रं, जुने वाद, सगळं त्याला ठाऊक.

आपल्याकडेही मोटार वाहनं समवर्ती सूचीत आहेत. केंद्र आणि राज्य दोघांचा हात त्यात आहे. २०१० मध्ये डॉ. राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय वाहतूक विकास धोरण समिती नेमली गेली. तिने २०१४ मध्ये २०३२ पर्यंतचा विचार करणारा जाडजूड अहवाल दिला. अहवाल उत्तम आहे. तो देऊन समितीचं काम संपलं, आणि शिफारशींचं पुढे काय झालं हे विचारायला समिती म्हणून कुणी उरलं नाही. माझ्या मते पुढची समिती नेमण्याआधी एक लहानसं कायमस्वरूपी कार्यालय उभं करावं, आणि त्याचा निम्म्याहून अधिक खर्च राज्यांनी उचलावा.