मलपृष्ठावरचे शंभर शब्द

१९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. इथल्या मराठी घरांत आज शाळा हिंदीची आणि आजीची बोली निराळी. या वाचकाला मराठी पुस्तक दुकानात उभ्याने चाळायला क्वचितच मिळते. मोबाइलवर पुस्तकाच्या दोन्ही बाजू पाहून ते मागवावे लागते. मलपृष्ठाच्या मजकुराची खरी परीक्षा म्हणूनच पुण्यापेक्षा बालाघाटात होते. पुस्तक किती थोर आहे, हे त्या मजकुराने सांगू नये. आत कोणते जग आहे आणि ते कोणत्या मराठीत बोलते, हे दाखवावे, असे माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे हे काम पूर्वी प्रस्तावना करीत असे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांनी लिहिलेली प्रस्तावना पाहा. कवीने दाखवलेली वस्ती आणि आपल्याला न कळलेले शब्द यांबद्दल ते मोकळेपणाने लिहितात. पांढरपेशा वाचकाला आत शिरायला ही कबुलीच उपयोगी पडते. उलट, १८५६ साली वॉल्ट व्हिटमनने आपल्या ‘लीव्हज ऑफ ग्रास’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर एमर्सनच्या खासगी पत्रातले वाक्य, त्याला न विचारता, सोनेरी अक्षरांत छापले. त्यात कवीच्या कारकिर्दीचे स्वागत आहे, कवितांचा मात्र पत्ता नाही. आमची बहुतेक मलपृष्ठे याच वाटेने जातात. ‘विदारक वास्तव’, ‘अंतर्मुख करणारी’ वगैरे मजकूर कोणत्याही कादंबरीला चिकटवा, चिकटतो. (काही प्रकाशक तसेच करीत असावेत, असा संशय येतो.)

यावर कोणी म्हणेल, नामवंताच्या शब्दाने पुस्तक खपते. १९५२ साली बहिणाबाई चौधरींची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेमुळेच घरोघर गेली ना? अत्र्यांच्या नावाचे वजन नाकारण्यात अर्थ नाही. पण अत्रे नुसती शिफारस करून थांबले नाहीत. त्या ओव्याच त्यांनी वाचकापुढे उलगडून ठेवल्या. ते नाव एखाद्या मोघम वाक्याखाली असते, तर खानदेशाबाहेरच्या वाचकाला ती बोली आपलीशी वाटायला काय आधार होता?

दुसरा आक्षेप असा की इतके सांगितले तर गोष्ट फुटते. पेच सांगावा, उकल सांगू नये. गावाचे नाव, काळ, माणसाचा धंदा सांगितल्याने कोणतीच कादंबरी फुटत नाही. कवितासंग्रह असेल तर सरळ एक अख्खी छोटी कविता छापावी. हे शंभर शब्द लेखकापेक्षा पुस्तक दोनदा वाचलेल्या संपादकाने लिहावेत, कारण लेखकाला आपले सगळेच महत्त्वाचे वाटते. पुरस्कारांची यादी आतल्या घडीवर जाऊ द्यावी. किंमत आणि बारकोड गेल्यावर मागे तशीही फार जागा उरत नाही.