बीज राखण्याची विद्या
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातील दूध उत्पादकाला द्रवरूप नायट्रोजनचे भांडे नवे नाही. म्हैस माजावर आली की पशुवैद्यकीय दवाखान्यातील माणूस ते भांडे मोटारसायकलला बांधून घेऊन येतो. झाकण उघडताच पांढरी वाफ उसळते आणि तिच्यातून चिमट्याने एक बारीक नळी बाहेर काढली जाते. त्या नळीतील रेत उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात कित्येक वर्षे जसेच्या तसे राहते. ते ज्या रेड्याचे, तो कधीचा मरूनही गेलेला असतो. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला उभ्या केलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी ही विद्या खेडोपाडी नेली. गोठ्यात या विद्येविषयी बोलताना कोणी संकोचत नाही. तीच विद्या घरातल्या आजारी मुलीच्या कामी येऊ शकते, असे कोणी सांगू लागले तर मात्र माजघर गप्प होते. स्त्रीचा बीजांडकोश, म्हणजेच अंडाशय, त्याचा काही अंश गोठवून ठेवणे आणि पुढे योग्य वेळी तो तिच्याच शरीरात परत रोवणे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

पेशी नुसती थंड केली तर मरते. तिच्यातील पाण्याचे स्फटिक होतात आणि ते आतून तिला फाडतात. १९४९ साली लंडनच्या मिल हिल येथील प्रयोगशाळेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांना ग्लिसरॉल मिसळले असता कोंबड्याचे शुक्रजंतू गोठूनही जिवंत राहतात असे आढळले. या शोधामागे चुकीची चिठ्ठी डकवलेली एक बाटली होती, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या चवीने सांगितली जाते. बीजांडकोशाचे प्रयोगही याच मंडळींच्या परिवारात सुरू झाले. १९६० साली डेल्फीन पॅरट या संशोधिकेने गोठवलेला बीजांडकोश उंदराच्या मादीत रोवून तिला पिल्ले झाल्याचे प्रसिद्ध केले. उंदरापासून माणसापर्यंत यायला पुढची चव्वेचाळीस वर्षे लागली.

पुरुषाचे बीज आयुष्यभर नव्याने तयार होत राहते. स्त्रीचे तसे नाही. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत साठ-सत्तर लाख अपक्व बीजे असतात. जन्माच्या वेळी त्यांतील दहा-वीस लाख उरतात, न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख. त्यांतली चार-पाचशेच काय ती पक्व होतात. बाकीची आपोआप विरून जातात. कणगीत एकदाच भरलेले धान्य पुन्हा भरता येऊ नये, तसा हा साठा आहे. कर्करोगावर दिली जाणारी काही औषधे, विशेषतः सायक्लोफॉस्फमाइडच्या वर्गातील, तसेच ओटीपोटावर घेतलेले किरण, हा साठा काही महिन्यांत रिता करतात. थॅलेसेमियासारख्या आजारात अस्थिमज्जा बदलण्यापूर्वी जी तीव्र औषधे देतात, त्यांचाही परिणाम तोच. मुलगी रोगातून वाचते, शाळा-कॉलेज करते, आणि पंचविशीच्या आत तिची पाळी कायमची थांबते. मातृत्वाचा प्रश्न तर आहेच, पण त्याच्या आधी हाडांचा ठिसूळपणा आणि अकाली वार्धक्य तिच्या वाट्याला येते.

वयात आलेल्या स्त्रीची पक्व बीजे काढून गोठवता येतात; त्यासाठी सुमारे दोन आठवडे संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. ज्या रुग्णेचे उपचार चार दिवसही थांबू शकत नाहीत तिला हा मार्ग बंद असतो, आणि जिला अजून न्हाणच आलेले नाही तिला तर तो मुळातच नाही. तेथे बीजांडकोशाचा तुकडा कामी येतो. पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने एक बीजांडकोश किंवा त्याचा काही भाग काढतात. अपक्व बीजे वरच्या सालीत असतात. ती साल एक-दोन मिलिमीटर जाडीची होईल इतकी तासून तिच्या पट्ट्या करतात, त्यांत संरक्षक द्रव मुरवतात आणि मिनिटाला अर्ध्या अंशाहूनही कमी, अशा संथ गतीने तापमान उतरवीत नेतात. जुन्या गृहिणी दोडक्या-भोपळ्याच्या बिया राख लावून शिंक्यावर ठेवीत. त्या राखेचे काम येथे त्या द्रवाकडे असते. रोग बरा झाल्यावर पट्ट्या पुन्हा उरलेल्या बीजांडकोशावर किंवा त्याशेजारी रोवतात. चार-सहा महिन्यांत पाळी परत येते.

हे प्रथम साध्य झाले ब्रुसेल्समध्ये. तेथील एका पंचवीस वर्षांच्या तरुणीला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला. १९९७ साली, औषधे सुरू करण्यापूर्वी, डॉ. जाक दोने यांनी तिचा बीजांडकोशाचा अंश गोठवला. २००३ साली तो परत रोवला आणि सप्टेंबर २००४ मध्ये तिला मुलगी झाली. गर्भ राहिला तो रोवलेल्या पट्टीतील बीजापासून की शरीरात उरलेल्या बीजांडकोशातून, अशी शंका इतर तज्ज्ञांनी घेतली. वाद नियतकालिकांतून झाला, पुढे अन्य देशांतही अशी मुले जन्मली आणि शंका मावळली. आज जगभरात त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संस्थेने २०१९ साली या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढून टाकला.

शंकेचा विषय निघाला की कोलकात्याची आठवण अपरिहार्य आहे. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी प्रयोगशाळेत फलित केलेला गर्भ त्रेपन्न दिवस गोठवून मग मातेच्या उदरात ठेवला आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली. इंग्लंडमधील पहिल्या परीक्षानळी-बालिकेनंतर हे अवघ्या सव्वादोन महिन्यांत घडले, आणि गोठवलेल्या गर्भापासून ऑस्ट्रेलियात मूल जन्मले ते १९८४ साली, म्हणजे सहा वर्षांनी. सरकारी समितीने मुखोपाध्यायांचा दावा धुडकावला, त्यांची बदली नेत्रविभागात झाली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळीतील बालक जन्मले, तेव्हा तेच भारतातले पहिले मानले गेले. मुखोपाध्यायांची टिपणे हाती आल्यावर ती तपासून, पहिलेपणाचा मान आपला नव्हे, त्यांचा आहे, असे १९९७ साली जाहीर करणारे आनंद कुमारच होते. स्वतःच्या नावावरचा मान असा काढून देणारी माणसे विज्ञानातही थोडीच.

याच डॉ. हिंदुजा यांनी १९९१ साली, जिचे बीजांडकोश निकामी झाले आहेत अशा स्त्रीला दुसरीचे बीज घेऊन माता होण्याचा मार्ग दाखवला. तो मार्ग मोलाचा खरा, पण बीज दुसरीचे. आपलेच राखता आले असते का, हा प्रश्न त्यात उरतोच. आणि परळचा भूगोल पाहिला तर तो प्रश्न अधिकच टोचतो. के. ई. एम. समोरच १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील कितीतरी कुटुंबे रात्रीच्या गाडीने तेथे जातात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करतात, आणि लेकीचा जीव वाचावा एवढेच मागतात. त्या घाईत तिच्या पुढच्या पंचवीस वर्षांचा विचार आईवडिलांना सुचत नाही, हे समजण्यासारखे आहे. तो वैद्यकाने सुचवायचा असतो. त्यासाठी वेळ थोडा: निदान झाल्यापासून पहिल्या सलाइनपर्यंतचे काही दिवस. एकदा औषध शिरेत गेले की राखायचे काय, हाच प्रश्न होतो.

सीमाभागात या घाईला भाषेचीही अडचण जोडली जाते. रुग्ण मराठी बोलतो, अर्ज कन्नडमध्ये असतो, डॉक्टरांचे टिपण इंग्रजीत. ‘फर्टिलिटी’ हा शब्द त्या टिपणात असला तरी तो चुलीपर्यंत पोहोचत नाही. शिवाय कुमारिकेच्या बीजांडकोशाविषयी बोलले तर उद्या तिचे लग्न ठरताना कोणी बोट दाखवील, ही भीती. ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ साली काढून र. धों. कर्व्यांनी संतती रोखण्याविषयी मराठीत उघडपणे बोलायला शिकवले. संतती राखण्याविषयी बोलण्याची सवय मराठीला अजून लागायची आहे.

या विद्येच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. पट्टी परत रोवल्यानंतर साधारण तिघींपैकी एकीलाच मूल होते. रक्ताच्या कर्करोगात त्या पट्टीबरोबर रोगाच्या पेशीही परत जाण्याचे भय असते, म्हणून तेथे अतिशय जपावे लागते. परत रोवलेली पट्टी काही वर्षेच काम करते. गोठवण, साठवण, दोन शस्त्रक्रिया, हा सारा खर्च तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईच्या आवाक्यातला नाही. आणि २०१९ साली बर्मिंगहॅममध्ये निरोगी स्त्रियांचीच रजोनिवृत्ती लांबवण्यासाठी ही सेवा हजारो पौंडांना विकायला काढली गेली, तेव्हा एका गंभीर उपचाराचा बाजार कसा होतो तेही दिसले.

त्याच २०१९ सालची दुसरी बातमी बीडची होती. दर हंगामात याच सीमाभागातील साखर कारखान्यांच्या उसात कोयता घेऊन येणाऱ्या जिल्ह्यातील तेरा हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचे शासकीय पाहणीत निघाले. पाळीमुळे खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, म्हणून तिशीतली बाई पिशवी काढून घेते. बीज राखण्याची विद्या आणि पिशवी काढून टाकण्याची निकड, दोन्ही एकाच रस्त्यावरून जातात.

तरीही खेड्यातल्या स्त्रीपर्यंत काही पोहोचतच नाही, असे म्हणता येत नाही. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. कोडकणी, डॉ. गौडर प्रभृतींनी परदेशी सहकाऱ्यांसह १६२० बाळंतिणींवर एक अभ्यास केला. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव थांबवण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची साधी गोळी गावच्या परिचारिकांच्या हातून दिली गेली आणि त्या रक्तस्रावाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. गोळी परिचारिकेच्या हातून गेली, म्हणून ती पोहोचली. लेकीला केमो देण्यापूर्वी ‘हिच्या बीजांडकोशाचे काय?’ एवढा प्रश्न विचारायला लावणारी चिठ्ठी, मराठीत आणि कन्नडमध्ये, त्याच परिचारिकेच्या पिशवीत ठेवता येईल. पुढे कोठे पाठवायचे हे मोठ्या रुग्णालयाने ठरवावे. विचारण्याचे काम गावात होऊ शकते.

दुबईच्या एका मुलीला जन्मतःच थॅलेसेमिया होता. भावाची अस्थिमज्जा तिला देण्याआधी, वयाच्या नवव्या वर्षी, इंग्लंडमधील लीड्स येथे तिचा बीजांडकोश काढून गोठवण्यात आला. डिसेंबर २०१६ मध्ये, चोविसाव्या वर्षी, लंडनमध्ये तिला मुलगा झाला. आईवडिलांनी संमतीच्या कागदावर सही केली तेव्हा या पद्धतीने जगात एकही मूल जन्मलेले नव्हते.