डिझाईन म्हणजे तू नक्की काय शिकवतेस?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं आणि 'सध्या तू काय करतेस' हा विषय दिला आहे. सकाळपासून नाश्त्याच्या रांगेत निदान सहा जणांनी मला हाच प्रश्न विचारला. मी प्रॉडक्ट डिझाईन विभागाची प्रमुख आहे म्हटल्यावर एकीने विचारलं, "म्हणजे ड्रेस का गं?" दुसऱ्याने विचारलं, "तू तर कॉम्प्युटर इंजिनीअर ना?" ड्रेस नाही, आणि हो, मी कॉम्प्युटर इंजिनीअरच आहे. वीस-बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातली शेवटची दहा वर्षं स्क्रीनवर कुठलं बटण कुठे असावं, माणूस कुठे अडखळतो, हे बघण्यात गेली. तीन वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या एका खासगी विद्यापीठाने बोलावलं. त्याचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करणार आहे.

माझी पीएच.डी. नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची वाट उघडली. पंधरा वर्षं आपल्या क्षेत्रात काम केलेल्या माणसाला पदवीची अट बाजूला ठेवून शिकवायला घेता येतं, एकूण मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. त्या वाटेने मी आत गेले.

आता डिझाईन म्हणजे काय. १९५८ साली भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याला बोलावलं होतं. देश फिरून त्यांनी एक अहवाल लिहिला, आणि त्यात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल, तर आपल्या तांब्याचं. पाणी किती मावतं, भरल्यावर आणि रिकामा असताना कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, धातूचा भाव काय, मोडीत काय मिळतं. एवढे सगळे प्रश्न एका तांब्यात सुटलेले आहेत आणि ते कुणा एका माणसाने सोडवलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या सुटत आलेत. या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. मी पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर पहिल्या दिवशी तांब्याच ठेवते. मुलं हिरमुसतात. त्यांना गाडी काढायची असते.

पण आपल्या मराठी माणसांना जवळची गोष्ट मुंबईची आहे. पवईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर सुरू झालं. आयडीसी म्हणतात त्याला. ते उभं केलं प्राध्यापक सुधाकर नाडकर्णी यांनी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून ते जर्मनीत उल्म गावच्या डिझाईन शाळेत गेले होते. त्या शाळेच्या संस्थापकांत इंगे शोल नावाची बाई होती. तिच्या धाकट्या भावाला आणि बहिणीला हिटलरच्या राजवटीने १९४३ साली ठार केलं होतं. युद्धानंतर माणसांच्या रोजच्या वापराच्या वस्तू नीट, प्रामाणिकपणे बनवायला शिकवणारी शाळा हवी, असं त्या मंडळींना वाटलं. १९६८ साली ती शाळा बंद पडली. आणि पुढच्याच वर्षी पवईत आयडीसी सुरू झालं.

मी जेव्हा विभागप्रमुख झाले तेव्हा मला या गोष्टीतला एक भाग फार जवळचा वाटायला लागला. इंजिनीअरांच्या त्या एवढ्या मोठ्या वस्तीत चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या माणसाने विभाग उभा करायचा. जिथे उत्तर बरोबर किंवा चूक असतं, तिथे जाऊन सांगायचं की आमच्याकडे एका प्रश्नाला वीस उत्तरं असतात आणि त्यातली तीन बरी असतात. परीक्षा तीन तासांची नसते, ज्यूरी असते. वर्गात बाक नसतात, भुसा असतो. नाडकर्णी सरांनी हे एकदा नाही, दोनदा केलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी गुवाहाटीच्या आयआयटीतला डिझाईन विभागही त्यांनीच उभारला, आणि डिझाईनची पदवी बारावीनंतर देणारी ती पहिली आयआयटी.

असल्या विभागातून निघतं काय, असं आमच्या व्यवस्थापनाने मला पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. मी तीन गोष्टी सांगितल्या. तुम्हालाही सांगते, कारण तिन्ही तुम्ही हाताळल्या आहेत. पहिली, मतदानयंत्र. त्याचं बाह्य रूप आयडीसीच्या प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवैया यांनी घडवलं. एका यंत्रावर सोळा उमेदवार, प्रत्येकासमोर चिन्ह, निळं बटण, छोटा दिवा, आणि दाबल्यावर आवाज. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही आपलं मत पडलं हे कळतं. दुसरी, रुपयाचं चिन्ह. १५ जुलै २०१० ला सरकारने स्वीकारलेलं ते चिन्ह डी. उदयकुमार यांचं, ते तेव्हा आयडीसीत संशोधन करत होते. तिसरी माझ्या धंद्यातली. कॉम्प्युटरवर मराठी उमटवणारा 'मंगल' फॉन्ट, ज्यात आपल्यापैकी निम्म्यांनी सरकारी पत्रं टाइप केलीत, तो र. कृ. जोशींचा. जोशी जाहिरात क्षेत्रातून आले आणि १९८३ पासून आयडीसीत शिकवत होते. जोडाक्षर कुठे मोडायचं, मात्रा किती वर न्यायची, हे प्रश्न सुलेखनकाराला आणि प्रोग्रॅमरला एकत्र बसून सोडवावे लागतात. मंगल नुसता बघितला तर साधा वाटतो. पण आम्ही ज्या दिवशी पहिल्यांदा स्क्रीनवर न फुटलेलं 'र्‍य' बघितलं, त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचे बाकी होते.

बैठकीत मला मान डोलावून उत्तर मिळालं. आणि दुसऱ्या वर्षी, प्रवेश निम्मेच झाले तेव्हा, सुचवलं गेलं की वर्कशॉप बंद करून तिथे कॉम्प्युटर लॅब करू. लेथ, वेल्डिंग, सुतारकाम यांना जागा लागते, माणूस लागतो, विमा लागतो. "मॅडम, तुम्ही स्वतः सॉफ्टवेअरच्या. सगळं थ्रीडीत होतं ना आता?"

हा प्रश्न मला विचारला हे बरं झालं. वीस वर्षं स्क्रीनसमोर काढलेल्या बाईने स्क्रीन पुरत नाही म्हटलं की ते लोकांना जरा खरं वाटतं. स्क्रीनवर काढलेल्या खुर्चीला वजन नसतं. ती कधी डगमगत नाही. मी म्हटलं, कॉम्प्युटर मुलांच्या बॅगेत आहेतच, पण लेथ कुणाच्या बॅगेत नसतो. आमचे वर्कशॉपचे सुतार मामा औपचारिक शिक्षणाने सातवी आहेत, आणि मुलं सर्वांत जास्त त्यांच्याकडून शिकतात. चार महिने पत्रव्यवहार चालला. वर्कशॉप एक वर्षापुरतं वाचलं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा आकडे बघणार आहेत. विभागप्रमुखाचं काम मुख्यत्वे हेच असतं, मित्रांनो: टाइमटेबल, पत्रं, आणि कुणी भुशाला कचरा म्हटलं की तो अभ्यासक्रम आहे हे समजावणं.

आता एक काम सांगते, कारण ते आपल्या इथलं आहे.

लासुर्णे भागातली एक मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा तिने ऊसतोडणीच्या हजेरीचं ॲप सुचवलं. मी म्हटलं, ॲप मी लिहून देते रविवारी, तू आधी फडात जा. ती पहाटे चारला फडावर जायला लागली. आठ दिवस नुसतं बघायचं, काही सुचवायचं नाही, अशी अट होती. इथे सगळ्यांना माहीत आहे, 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून. तोडायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, आणि मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. ती गेली होती मानेवरचा भार कमी करायला. डोक्यावर काहीतरी गादीसारखं, पट्ट्यासारखं करावं असं तिच्या मनात होतं. पण बायकांची जुन्या लुगड्याची चुंबळ तिच्या सगळ्या गाद्यांपेक्षा बरी निघाली. खरी भीती फळीची होती. पहाटेचं दव, पाचट, चिखलाचे पाय, आणि दोन्ही हात मोळीला, म्हणजे धरायला काही नाही.

मग फळीवर काम सुरू झालं. पहिली फळी आडव्या पट्ट्या ठोकून, कडेला दोर लावून केली. पाय घसरेना, पण मुकादमाने बघितली आणि म्हणाला, ही उचलणार कोण? दुसरी हलकी केली तर मधे वाकायला लागली. तिसरी दोन तुकड्यांची केली, जी ट्रकच्या कडेला अडकवून नेता येते. वेल्डिंग मामांनी आणि तिने मिळून केलं.

ज्यूरीच्या वेळी नियमाने बाहेरचा परीक्षक पदव्युत्तर हवा. तो एका कंपनीतून आलाच. पण मी त्या टोळीतल्या दोघी बायकांनाही 'विशेष निमंत्रित' म्हणून बोलावलं. परीक्षकाने विचारलं, यात नवं काय? मुलगी गडबडली. मग त्यातली एक बाई फळीवर चढली, उतरली, आणि म्हणाली, "फळी बरी हाय, पर उतरताना काय?" चढताना पट्टीवर टाच टेकते, उतरताना बोटं अडकतात. आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं, मुलगी रोज चढताना मोजत होती. चौथी फळी या सुट्टीनंतर होणार आहे. मुलीला मार्क बरे मिळाले. त्या दोघींना प्रवासखर्च मिळायला मला तीन फॉर्म भरावे लागले, कारण त्यात 'शैक्षणिक अर्हता' हा रकाना रिकामा सोडता येत नव्हता.

या बाबतीत आपण एकटे नाही. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या मुलांनी २०२२ मध्ये उसाच्या बैलगाडीला पुढे एक आधाराचं चाक लावून बैलांच्या मानेवरचा भार कमी केला होता. त्याचे फोटो तुमच्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर आले होते. ती इंजिनीअरिंगची मुलं होती. असं डोकं आपल्याकडे कमी नाही, हे माझं म्हणणं.

बघा ना. आपल्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी 'आपे' बनते, जिच्यातून आपल्यातले कित्येक जण बारामतीला गेलेत. तिचं मूळ रेखाटन १९४८ साली इटलीत कोरादिनो दास्कानियो नावाच्या, विमानांच्या क्षेत्रातून आलेल्या इंजिनीअरने केलं. आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी, आणि त्याच माणसाची व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं बनत आलीत, आणि इस्रोच्या रॉकेटचे भागही तिथे बनले. म्हणजे धातू कापायला, जोडायला आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्या शेडमध्ये काम करणाऱ्याच्या मुलीला कागदावर काय बनवायचं ते ठरवायची जागा मिळत नाही, कारण तिच्या घरात त्या जागेचं नाव कुणी ऐकलेलं नाही.

चित्रकलेचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला आमच्याकडून वस्तुचित्रण करून घ्यायचात. कळशी, त्यावर टॉवेल, बाजूला दोन वांगी. आम्हाला वाटायचं हे फक्त परीक्षेपुरतं. विभागात आलेली ग्रामीण मुलं मी बघते, तेव्हा ज्यांनी ती कळशी काढली आहे ती ओळखू येतात. त्यांना कडा दिसतात, सावली कुठे पडते ते दिसतं. मात्र बारावीनंतर डिझाईनसाठी 'यूसीड' नावाची प्रवेशपरीक्षा असते, हे त्यांच्यातल्या निम्म्यांना कळेपर्यंत अर्जाची तारीख गेलेली असते. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास असतात, आणि कुठल्याही शाखेची मुलं बसू शकतात. कला शाखेचीसुद्धा. हे दर वर्षी दहावी-बारावीच्या वर्गात एकदा सांगितलं जावं, एवढी शाळेला विनंती.

आणि तुमच्याकडून मला पैसे नकोत, जागा हवी आहे. या सभागृहात गूळ करणारे आहेत, डेअरीवाले आहेत, निमगाव केतकीचे पानमळेवाले आहेत, दोघांचे फॅब्रिकेशनचे कारखाने आहेत. वर्षातून दोन महिने माझी दोन-तीन मुलं तुमच्या शेडमध्ये, गोठ्यात, मळ्यात बसू द्या. ती पहिले आठ दिवस काही बोलणार नाहीत, नुसती बघतील आणि वहीत काढतील, तेव्हा हाकलू नका. जेवणाचं बघा, राहण्याचं आम्ही बघतो. मुलीही असतील, त्यामुळे घर जवळ असलेलं बरं.

माझा नंबर संयोजकांच्या वहीत आहे. जेवणानंतर पिंपळाखाली मी वही घेऊन बसणार आहे. कुणाकडे कुठल्या महिन्यात काम चालू असतं, तेवढं लिहून द्या. गुऱ्हाळवाल्यांनी आधी या, तुमचा हंगाम लवकर सुरू होतो.