मुंबई महाराष्ट्रात नसती तर?

(युवा शिबिरातील भाषण)



आज थोडा वेगळा इतिहास कल्पून पाहू. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय आकाशवाणीवरून जाहीर केला. समजा, तो निर्णय टिकला असता. मग राज्याची राजधानी कदाचित पुण्याला गेली असती. रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरणारा आपला कोकणी मुसलमान खलाशी आपल्या राज्याबाहेर पोट भरायला आलेला परका ठरला असता.

तसे झाले नाही, कारण लोक रस्त्यावर उतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. या लढ्यासाठी अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर डफ घेऊन फिरणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल.

माझ्याशी बोलताना अनेक जण म्हणतात, "अरे वा, तुमचं मराठी छान आहे!" तुम्हीही हे ऐकलं असेल. त्यात कौतुक असतं, पण ते खुपतं. घरात आईशी ज्या भाषेत भांडलो, तिच्याबद्दल शाबासकी कसली? पूर्वी मी लगेच अमर शेखांचं नाव सांगायचो. हल्ली सांगत नाही.

का? आणखी एक कल्पना करा. समजा, अमर शेख जन्मलेच नसते, त्या लढ्यात एकही मुसलमान नसता. तर या शहरावरचा माझा हक्क तसूभर तरी कमी झाला असता का? शेजारच्या पाटलांना कोणी विचारत नाही की, तुमचे आजोबा सत्याग्रहात होते का? संविधानाने त्यांना आणि मला सारखंच नागरिकत्व दिलं आहे. ते पूर्वजांच्या पुण्याईवर मोजून मिळत नाही.

मग अमर शेख कशासाठी आठवायचे? त्यांनी आपल्या जमातीपुरतं गाणं गायलं नाही. गिरणी कामगाराचं, शेतकऱ्याचं दुःख त्यांनी आपलं मानलं. आज तुमच्या वॉर्डात पाणी येत नसेल, पालिकेची मराठी शाळा बंद पडत असेल, तर तिथे सर्वांच्या वतीने उभे राहा. देशप्रेमाचा दाखला मागणाऱ्याला तो देत बसू नका. आपल्यापुढे कामं खूप आहेत.